डेबियन १३ नंतरचा लॉग: कोणती ओळ मनावर घ्यायची?

वाचनालयाचं मशीन डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर नेलं. ते रात्री जुन्या रजिस्टरांच्या स्कॅनमधून शोधता येणारी पीडीएफ बनवतं. अपग्रेड बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन: "अहो, चालू होताना एरर एरर असं काहीतरी येतंय. आणि रात्रीचं रजिस्टरही झालेलं नाही."

एका दमात सांगितलेल्या दोन तक्रारींची आपण लगेच सांगड घालतो. जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, फक्त एरर पातळीच्या ओळी मागितल्या, तर पडदाभर लाल: 'एसीपीआय बायोस एरर', आणि त्यापुढे कंसात चक्क 'बग'. म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरमधल्या (बोर्डवरच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या) तक्त्यात एका गोष्टीचा उल्लेख आहे, ती गोष्ट मात्र तिथे नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ती शोधतो, सापडत नाही, तसं लिहून पुढे जातो. पूर्ण लॉगमध्ये एक साधी ओळ होती, स्प्लिट लॉक डिटेक्शनची (प्रोसेसरला अडवणारा एक विशिष्ट मेमरी-वापर ओळखण्याची सोय). तिच्यात 'क्रॅशिंग द कर्नल' हे शब्द आहेत. वाचून पोटात गोळा येतो, पण काहीही कोसळलेलं नसतं. तसा प्रसंग आलाच तर काय करीन, एवढंच कर्नल सुरुवातीला सांगून ठेवतो. ही सोय २०२० च्या ५.७ कर्नलपासून आहे.

अशा वेळी मी अपग्रेडच्या आधीच्या बूटचा लॉग काढतो. दोन्ही लॉगमधून तारीख-वेळ वगळायची, ओळी सॉर्ट करायच्या आणि दोन्हींतला फरक दाखवणारा डिफ लावायचा. एसीपीआयच्या ओळी डेबियन १२ मध्येही जशाच्या तशा होत्या. बाईंचं लक्ष त्या दिवशी गेलं, इतकंच.

मग रजिस्टर का अडलं? एरर पातळीवर त्याचा मागमूस नव्हता. ओळीची पातळी लिहिणारा प्रोग्रॅम ठरवतो. वाचणाऱ्याचं किती नुकसान झालं याच्याशी तिचा संबंध नसतो. आणि सिस्टमडीने (पार्श्वभूमीतली कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलेल्या सर्व्हिसने एरर म्हणून ओकलेला मजकूरसुद्धा मुळात 'इन्फो' पातळीवर नोंदला जातो. त्यामुळे पातळीची चाळणी काढून फक्त त्या सर्व्हिसचा लॉग पाहिला. तिथे पांढऱ्या, गरीब अक्षरांत: 'एरर नंबर २८, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

डिस्क तर अर्ध्याहून जास्त रिकामी! कुठे किती जागा उरली ते सांगणारी डीएफ कमांड चालवल्यावर उलगडा झाला. डेबियन १३ पासून तात्पुरत्या फाइलींचा टेंप फोल्डर डिस्कवर नसतो, टेंपएफएस म्हणून मेमरीत असतो, आणि त्याला जास्तीत जास्त निम्मी रॅम मिळते. मशीनला ८ जीबी, म्हणजे टेंपला जेमतेम ४. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्रॅम प्रत्येक पानाची मोठी चित्रं तिथेच टाकतो. जुन्या दाखल-रजिस्टरची जाड बाडं त्यात मावणार कशी?

टेंप माउंट मास्क करून, म्हणजे मेमरीतली ही जोडणी बंद करून, रीबूट केलं की सगळं पूर्वीसारखं होतं, आणि बरेच जण तेच करतील. मला ते पटत नाही. एका कामासाठी अख्ख्या मशीनची पद्धत कशाला बदलायची? सर्व्हिसच्या फाइलमध्ये तात्पुरत्या फाइली कुठे टाकायच्या ते सांगणारं टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल व्हार-टेंप या दुसऱ्या फोल्डरकडे वळवलं. तो फोल्डर डिस्कवरच आहे. फक्त डेबियन १३ नव्याने बसवलं तर तिथल्या ३० दिवसांहून जुन्या फाइली आपोआप साफ होतात. अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनीच पद्धत राहते, पण पुढेमागे ती बदलली तर पंचाईत नको, म्हणून तयार पीडीएफ तिथे ठेवायच्या नाहीत, हे बाईंना सांगून ठेवलंय.