‘विषयाचा कोड कुठं आहे?’ : इलेक्ट्रिकलचे विषय ठरवतानाचा माझा अनुभव

आमच्या कॉलेजात इलेक्टिव्हचा गुगल फॉर्म शुक्रवारी दुपारी ग्रुपवर पडतो आणि शनिवारी रात्री बंद होतो. सोबत अभ्यासक्रम नाही, कोण शिकवणार ते नाही, बॅच सुरू व्हायला किती पोरं लागतात तेही नाही. विषयांची नावं आणि पुढं गोल, एवढंच. चार वर्षांच्या बीटेकमध्ये आपल्या मर्जीनं घ्यायचे विषय मुळात मोजकेच, आणि तेही असे एका रात्रीत ठरतात. डिग्री हातात आली तरी माझा यावरचा राग गेलेला नाही. कोल्हापूर-सांगलीकडची जी मुलं-मुली यंदा इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तिथं निवडायला काही नसतंच. माझी अडचण तिसऱ्या वर्षी सुरू झाली, आणि तीही मला काय शिकायचंय हे पक्कं ठरलं होतं म्हणून.

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इंटर्नशिप केली. मेंटेनन्सच्या काकांनी एकदा एपीएफसी पॅनेलचं, म्हणजे कपॅसिटर आपोआप जोडून-तोडून पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या पेटीचं, दार उघडून दाखवलं. कपॅसिटरचे डबे फुगलेले, एकाचं झाकण वर उचललेलं, खालच्या पत्र्यावर काळा ओघळ. “बदलले तरी काही महिन्यांत परत हेच,” काका म्हणाले. पलीकडं इंडक्शन फर्नेस चालू होती. भट्टीचा कन्व्हर्टर सहा पल्सचा असला की तो पाचवी, सातवी, अकरावी, तेरावी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतला करंट) लाइनवर सोडतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या जोडीला २५०, ३५० आणि पुढं. फ्रिक्वेन्सी वाढेल तसा कपॅसिटरचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, कमी होतो, त्यामुळं हा करंट नेमका त्याच्यातच घुसतो. त्यात ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स जुळून तो करंट कैक पट वाढला तर विचारूच नका. म्हणून कपॅसिटरच्या सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा रिॲक्टर, म्हणजे एक कॉइल, टाकतात. ती जोडी १८९ हर्ट्झला ट्यून होते आणि पाचव्या हार्मोनिकला रेझोनन्स सापडत नाही. यातलं निम्मं मला त्या पॅनेलसमोर कळलं, उरलेलं नीट शिकायचं होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फौंड्र्या किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. उच्चदाब ग्राहकांचं बिल आता केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या नव्हे तर लाइनवरून ओढलेल्या एकूण विजेवर येतं, त्यामुळं कपॅसिटर गेला की पॉवर फॅक्टर पडतो आणि तो फटका थेट बिलात दिसतो. कोल्हापुरात राहून इलेक्ट्रिकल करायचं आणि पॉवर क्वालिटी, म्हणजे विजेतले हे असले बिघाड आणि त्यावरचे उपाय, शिकायची नाही, हे मला पटत नव्हतं.

फॉर्ममध्ये पॉवर क्वालिटी होती. मी तीच टाकली. पण ग्रुपवर “सगळ्यांनी ईव्ही टाका, मार्क सुटतात” असे मेसेज रात्रभर फिरत होते. ईव्ही विषय चांगला आहे, पण बॅटरी, मोटर आणि ड्राइव्ह कळल्याशिवाय तो घेऊन काय करणार? सोमवारी यादी लागली. पॉवर क्वालिटीची बॅच ‘पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी’ रद्द, आणि आमची नावं न विचारता ईव्हीत.

मी नियमावली काढून वाचली. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतात. आमच्या नियमावलीतही कलम होतं : पूर्वपरवानगी घेऊन इलेक्टिव्हऐवजी समकक्ष ऑनलाइन कोर्स चालेल. त्या सत्रात पॉवर क्वालिटीचा बारा आठवड्यांचा कोर्स लागलेला होता. तीन क्रेडिटला तीन क्रेडिट. मला वाटलं, झालं काम.

एचओडी सरांनी अर्जावर लगेच सही केली. पुढं परीक्षा विभागाची खिडकी. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच विचारलं, “विषयाचा कोड कुठं आहे? कोड नसला तर मार्क भरायचे कुठं?” प्रश्न रास्त होता, पण त्याचं उत्तर विद्यार्थिनीनं कुठून आणायचं? डिपार्टमेंटला विचारलं तर कोड परीक्षा विभाग देतो म्हणाले. परीक्षा विभाग म्हणाला, कोड अकॅडमिक सेक्शनकडून येतो. अकॅडमिकवाले म्हणाले, अभ्यास मंडळाची बैठक झाल्याशिवाय नवा कोड मिळत नाही, आणि बैठक सेमिस्टर संपताना. इकडं ‘स्वयं’ची नावनोंदणी बंद व्हायला आलेली. जेवणाची सुट्टी, साहेब मीटिंगला, उद्या या, सर्व्हर बंद. लेक्चर बुडवून त्या खिडकीशी उभं राहायचं आणि आपल्यासमोर पडदा सरकवला जायचा. मग एक दिवस सांगितलं, तुमचा अर्ज सापडत नाही, नवीन द्या.

त्या दिवशी मात्र मी चिडले आणि मग पद्धतशीर कामाला लागले. नवा अर्ज दोन प्रतींत केला, आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. शिपाईमामांनीच सांगितलं होतं, “पोच घेतल्याबिगर कागद सोडू नकोस, पोरी.” यापुढं कुणी अर्ज सापडत नाही म्हणालं नाही. सोबत एक तक्ता जोडला : डावीकडं आमच्या अभ्यासक्रमातली पॉवर क्वालिटीची युनिटं, उजवीकडं तो भाग ऑनलाइन कोर्सच्या कोणत्या आठवड्यात येतो ते. सॅग-स्वेल (व्होल्टेज थोडा वेळ पडणं-चढणं), हार्मोनिक्स, पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह फिल्टर, सगळं ओळीनं. हार्मोनिकच्या मर्यादा सांगणाऱ्या आयईईई ५१९ या मानकाचं एक उपकलम सोडलं तर सारं जुळत होतं.

हा तक्ता परीक्षा विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमच्या हाती पडला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, “अगं, बॅच रद्द झालीय, विषय कुठं रद्द झालाय? मंजूर अभ्यासक्रमात त्याचा कोड आहेच की. त्याच कोडवर मार्क भरायचे.” इतकंच. जो कोड तीन टेबलांना सापडत नव्हता तो छापील पुस्तिकेत पहिल्यापासून होता. नावनोंदणी बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी परवानगीचं पत्र हातात पडलं. दाभोळकर कॉर्नरला उतरून घरापर्यंत मी ते पत्र चारदा वाचलं असेल. आनंद झालाच, पण त्या मॅडम पहिल्याच दिवशी खिडकीत असत्या तर माझा निम्मा जुलै वाचला असता.

एक गोष्ट आधीच बजावते : एनपीटीईएलच्या (‘स्वयं’वरचे इंजिनिअरिंगचे कोर्स हेच चालवतात) परीक्षेचा निकाल कॉलेजच्या निकालानंतर येऊ शकतो. माझा निकाल काही दिवस राखून ठेवला होता आणि नेमका तेव्हाच प्लेसमेंटचा फॉर्म भरायचा होता. परवानगीच्या पत्राची प्रत प्लेसमेंट सेलला आधीच देऊन ठेवली होती, म्हणून निभावलं. असाइनमेंट हलक्यात घेऊ नका. २५ पैकी निदान १० आणि परीक्षेत ७५ पैकी निदान ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. बारापैकी चांगले आठ धरतात, पण शेवटी सबमिशन आणि ओरल एकदम येतात, तेव्हा सुरुवातीचे आठवडे सोडू नका. आणि एबीसी आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं) नाव मार्कशीटप्रमाणेच आहे ना, ते आजच बघा. आडनावातल्या एका अक्षरानं माझ्या मैत्रिणीची क्रेडिट अडकली होती.

विषय ठरवायचे तर सातव्या सेमिस्टरपासून मागं या. प्रोटेक्शन घ्यायचं तर पॉवर सिस्टिममधली सिमेट्रिकल कंपोनंट्स हवीत, त्यासाठी सिंक्रोनस मशीन पक्कं हवं. ड्राइव्हज हवं असेल तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल दोन्ही. कंट्रोलच्या मुळाशी गणितातलं लाप्लास ट्रान्सफॉर्म, आणि इथंच दुसऱ्या वर्षी सगळे अडखळतात : नेटवर्क ॲनालिसिस आणि एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) एकाच सेमिस्टरला असतात, नेटवर्कवाल्या सरांना लाप्लास लागतं तेव्हा गणितात ते आलेलंच नसतं. सुट्टीतच करून ठेवा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांच्या वाट्याला आलेलं नसतं. एमटेकच्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा द्यायची असेल तर सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि ईएमएफ (इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स) ‘स्कोरिंग नाही’ म्हणून ढकलू नका, दोन्ही इलेक्ट्रिकलच्या पेपरात स्वतंत्र विभाग आहेत.

आणि बॅचला किमान संख्या किती लागते ते सीआरमार्फत (वर्ग प्रतिनिधीमार्फत) फॉर्म यायच्या महिनाभर आधी लेखी विचारून घ्या. आम्हाला आकडा कळला तेव्हा यादी लागून गेली होती. ज्युनिअर मुलींनी यंदा तो आधी काढला, मग प्रत्येक बाकावर जाऊन भट्टी, कपॅसिटर आणि बिल समजावून सांगितलं. पॉवर क्वालिटीची बॅच वर्गातच भरतेय.