४७ अंशांतला कॉबलर

सेलम ही ओरेगन राज्याची राजधानी. गाव विलामेट नदीच्या खोऱ्यात वसलेलं, आणि हे खोरं म्हणजे बेरींचं आगर. जून संपता संपता स्ट्रॉबेरी आवरलेली असते, रास्पबेरी भरात येते, ब्लूबेरीचा पहिला तोडा सुरू होतो आणि मॅरियनबेरी, म्हणजे इथली ब्लॅकबेरीची एक जात, अजून लाल, कडक असते. दिवसाचं तापमान एरवी पंचविशीच्या आत. २०२१ च्या जूनअखेरीला हवामानवाले चाळिशीच्या पुढचे आकडे सांगू लागले, तेव्हा आमच्या किचनमध्ये कोणाला ते खरं वाटेना.

मी भुसावळची. ४५ अंश म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. पण भुसावळच्या माणसाला आणि घराला त्या उन्हाची ओळख असते. खिडक्या कधी लावायच्या, पडदे कधी भिजवायचे, बाहेरची कामं किती वाजता उरकायची, हे अंगवळणी पडलेलं असतं. इथली लाकडी घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली. एसी कित्येकांकडे नाहीच, आणि जिथे आहे तिथला एसी ४७ अंशांसाठी बसवलेला नसतो.

मी एका वृद्धनिवासाच्या किचनमध्ये बेकिंगचं काम बघते. रोज ऐंशी-नव्वद पानं. त्यातल्या बऱ्याच जणांनी नव्वदी गाठलेली. कोणाला मधुमेह, कोणाला घास गिळायला त्रास, कवळी तर जवळजवळ सगळ्यांनाच. अशा ठिकाणी गोड पदार्थाला फार मान असतो. जेवणाचं ताट तसंच परत पाठवणारा माणूसही शेवटच्या वाटीची वाट बघत बसतो.

शनिवारी, २६ जूनला, उष्म्याची लाट आली. रविवारी सेलमचा पारा ४५ वर गेला. इथला आधीचा उच्चांक ४२ अंशांचा होता. सोमवारचा अंदाज त्याहून वरचा. रविवारी सकाळी आमच्या नेहमीच्या शेतकऱ्याचा फोन आला. सोमवारी झाडावर जे राहील ते भाजून निघणार, म्हणून पिकलेलं सगळं उतरवून घेतोय, मिळेल त्या भावात घेऊन जा, असं त्याचं म्हणणं. भांडी धुण्याचं काम करणारा आमचा एक सहकारी मेक्सिकोतल्या ओआहाकाचा आहे. त्याची बायको त्याच शेतात तोडणीला जाते. पहाटे चारला डोक्याला दिवे बांधून बायका रानात उतरल्या आणि दहाच्या आत बाहेर आल्या. तो गाडी घेऊन गेला आणि पाठीमागची सीट क्रेटांनी भरून परत आला. येताना बातमीही घेऊन आला. आदल्या दिवशी आमच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सेंट पॉलजवळच्या एका नर्सरीत, उन्हात काम करताना एक ग्वाटेमालाचा मजूर गेला. क्रेट उतरवताना तो एवढंच बोलला आणि पुढे गप्प झाला. हातातल्या रास्पबेरीकडे मग मला नुसतं फळ म्हणून बघता येईना.

रास्पबेरी तोडताना तिचा गाभा झाडावरच राहतो, फळ आतून पोकळ येतं. म्हणून ते स्वतःच्याच वजनाने बसतं. मॅरियन किंवा ब्लॅकबेरीचा गाभा फळातच राहतो, ती जरा तग धरते. ब्लूबेरीला साल आणि वरची पांढुरकी साय असते, ती दोन-चार दिवस सहज टिकते. आमच्या क्रेटांमध्ये निम्म्याहून जास्त रास्पबेरी होती आणि खालचा थर तेवढ्या वेळात चेपून पुठ्ठ्यातून रस ठिबकत होता. रानातली धग फळात तशीच असते. ती दोन-तीन तासांत काढून फळ थंड केलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्यावर राखाडी बुरशी दिसते. आणि आमची शीतखोली त्या दिवशी चाराऐवजी बारा अंशांच्या खाली उतरायला तयार नव्हती. दूध आणि मांस आधी वाचवायचं, फळाला जागा नाही.

अशा फळाचं करायचं काय? तशीच वाटीत घालून द्यायला ते फार मऊ. जॅम करायचा तर शेगडीपाशी तासन् तास उभं राहावं लागणार. मला कॉबलरशिवाय, म्हणजे फळावर पिठाचे गोळे टाकून भाजलेल्या गोडाशिवाय, दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं तर सुचायची गरजही नव्हती. ‘पाय’, म्हणजे पारीत फळ भरून भाजायचा पदार्थ, करायचा तर पारी लाटा, थंड करा, साचा झाका, इतका सोपस्कार. कॉबलर एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबांच्या हाती रुळला, तो लोखंडी भांड्यात, झाकणावर आणि बुडाखाली निखारे ठेवून. तळाला पिकून ओघळणारं फळ, वर मैद्याच्या ओल्या पिठाचे डाव. दिसायला ओबडधोबड, पण थांबायला तयार नसलेल्या फळासाठी याहून नेमका पदार्थ मला माहीत नाही.

अडचण ओव्हनची होती. सकाळी सातनंतर किचनमध्ये एकही ओव्हन चालू ठेवायचा नाही, असं व्यवस्थापनाने बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं, कारण आमची धग थेट जेवणाच्या हॉलमध्ये जाते. म्हणजे सोमवारी पहाटे तीनला सुरुवात करून सातच्या आत सगळे ट्रे बाहेर काढायचे. रविवारी रात्रीच मी मैदा, वाडगी आणि लोण्याचे तुकडे फ्रीझरमध्ये ठेवले. मैदा फ्रीझरमध्ये ठेवताना बघून शेफने विचारलं, हे कशासाठी? कॉबलरच्या वरच्या थराचं सगळं यश थंड लोण्यावर असतं. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तेव्हा पिठाची मूठ वळली पाहिजे. इथे नेमकं उलट. लोणी पिठात विरघळता कामा नये, वाटाण्याएवढे खडे तसेच राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते खडे वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ आतून सुटं, हलकं होतं. पहाटे तीन वाजताही आमचं किचन तीस अंशांच्या पुढे होतं. साध्या पिठात लोणी दोन मिनिटांत तेल झालं असतं.

आधी फळ. घरी करणाऱ्यांसाठी प्रमाण सांगते: एक किलो बेरींना १५० ग्रॅम साखर, ३५ ते ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअर आधी साखरेत कोरडंच मिसळायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आणि फळ एकटंच ओव्हनमध्ये घालायचं, १९० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, कडेने रस सुटून गरम होईपर्यंत. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वरून सोनेरी दिसणारा कॉबलर खालून कच्चा, गिचका निघतो. पीठ गरम फळावर पडलं की खालच्या वाफेने त्याचा तळ लगेच शिजायला लागतो.

रास्पबेरीच्या बिया हा आमच्याकडचा वेगळा प्रश्न. कवळीखाली एक बी गेली तरी माणूस जेवण सोडून उठतो. म्हणून निम्मी रास्पबेरी मी थोडी गरम करून चाळणीवर घासली. हाताने, पळीच्या पाठीने. बिया वर राहिल्या आणि खाली गडद, दाट रस. त्यातला थोडा फळात परत घातला, बाकीचा बाजूला ठेवला. तो पुढे दुपारी कामाला आला.

वरच्या थराला २५० ग्रॅम मैदा, ८५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि १८० मिलिलिटर ताक. ताक म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे. इथलं ताक दाट, आंबूस असतं. आपल्याकडे करायचं तर दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावं. ताक आहे म्हणून बरेच जण सोडाही घालतात. ब्लूबेरी असेल तर मी सोड्याला हात लावत नाही. तिचा रंग आम्लात लाल-जांभळा राहतो आणि सोड्याशी गाठ पडली की निळा-हिरवा होतो. तसा हिरवट कडेचा तुकडा कोणी आवडीने खात नाही. ताक घातल्यावर पीठ जेमतेम एकत्र आणायचं. मळायचं नाही. आणि मग थांबायचंही नाही, कारण बेकिंग पावडरचा पहिला फुगारा ओलावा लागताच सुरू होतो, उष्ण किचनमध्ये तर जास्तच घाईने.

आमच्या मजल्यावर एक नव्वदीला टेकलेल्या आजी राहतात. त्यांना पहाटे झोप लागत नाही. चाराच्या सुमाराला त्या वॉकर घेऊन किचनच्या दारात आल्या, वास कसला येतोय म्हणून. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की त्या स्ट्रॉबेरी आणि बीन्स तोडायला जायच्या. खोऱ्यातल्या शाळकरी मुलांना न्यायला तेव्हा पहाटे बस यायच्या. ही पद्धत १९७० च्या दशकात कायदे बदलले तेव्हा मोडीत निघाली. मी त्यांना दारातच खुर्ची दिली. माझा हात ट्रेवर चालू होता. त्या बघत होत्या.

"अगं, सगळं झाकू नकोस," त्या म्हणाल्या. "मध्ये मध्ये फळ दिसू दे. वाफेला वाट नको का?"

अगदी खरं. पिठाचे डाव एकमेकांना चिकटून लावले की वाफ आत कोंडते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही कशा करायचात?" तर त्यांच्या आईने पीठ कधी मोजलंच नव्हतं. पण कॉबलर कधी बाहेर काढायचा ते तिने शिकवलं होतं: कडेला नव्हे, ट्रेच्या मधोमध बुडबुडे जड, संथ फुटायला लागले की. हे विज्ञानालाही धरून आहे. कॉर्नफ्लोअर ९५ अंशांच्या आसपास पूर्ण शिजतं, त्याआधी काढलं तर रस पाण्यासारखा राहतो. कडा आधी रटरटतात, मध्य मागे असतो. आम्ही दोघी ओव्हनच्या काचेतून मधल्या भागाकडे बघत राहिलो. सात वाजायच्या आधी शेवटचा ट्रे बाहेर आला, ओव्हन बंद झाले, आणि मी पंख्यांसमोर ट्रे मांडून ठेवले. कॉबलर निदान अर्धा तास निवू द्यावा लागतो, तेव्हाच रस धरतो.

दुपारी सेलममध्ये ४७ अंश झाले. ११७ फॅरनहाइट. पोर्टलंड शहरात तर आदल्याच दिवशी स्ट्रीटकारची, म्हणजे ट्रामची, वीजवाहक केबल वितळली होती. आमच्या हॉलमध्ये एसी चालू असूनही हवा जड होती. खिडक्यांवर आम्ही ओल्या चादरी टांगल्या, ती माझी सूचना. जेवायला निम्मे लोक खाली उतरलेच नाहीत, आणि उतरलेल्यांची थंड चिकन सॅलडची ताटं जशीच्या तशी परत येत होती. नर्स काळजीत होत्या. म्हातारपणी तहान लवकर कळत नाही, उष्म्यात माणूस आधी जेवण सोडतो, मग पाणी, आणि मग ग्लानी येते.

गार कॉबलरची एक खोट असते. लोणी गोठून वरचा थर कडक होतो. म्हणून प्रत्येक वाटीत व्हॅनिला आइस्क्रीम आणि त्यावर सकाळचा तो बिया काढलेला रस. बाकीच्या रसाचं मी बर्फ, पाणी, साखर आणि चिमूटभर मीठ घालून सरबत केलं. ज्यांना पातळ पदार्थ ठसका लावतो त्यांच्या पेल्यात नर्सने ते नेहमीची पूड घालून घट्ट केलं. ट्रॉल्या थेट खोल्यांमध्ये नेल्या.

रिकाम्या वाट्या परत यायला लागल्या. एक, मग आणखी दोन, मग ट्रॉलीचा अख्खा कप्पा. सकाळपासून पाण्याचा घोट नाकारणाऱ्या एका आजोबांनी सरबताचा दुसरा पेला मागितला. नर्स कागदावर कोणी किती घेतलं ते लिहीत होती आणि मध्येच मान वर करून मला म्हणाली, "आणखी आहे ना?" होतं. किचनमधल्या नोकरीत इतकं समाधान मला क्वचितच मिळालंय. मागे वळून बघितलं तर ओआहाकाचा सहकारी आपल्या बायकोसाठी डबा भरत होता. मी त्यात आणखी दोन डाव वाढले.

त्या लाटेत ओरेगनमध्ये शंभराच्या आसपास माणसं गेली. बहुतेक वयस्कर, एकटी राहणारी, घरात एसी नसलेली. जुलैत राज्याने कामगारांसाठी तातडीचा नियम काढला: ८० फॅरनहाइटपासून (साधारण २७ सेल्सियस) सावली आणि गार पाणी, ९० नंतर (साधारण ३२ सेल्सियस) दर दोन तासांनी सक्तीची विश्रांती. तो नियम एक माणूस गमावण्याच्या आधी का निघू नये, हे मला आजही कळत नाही.

मॅरियनबेरीचं नुकसान मात्र झालंच. तिचं नाव आमच्याच मॅरियन काउंटीवरून पडलं. जॉर्ज वॉल्डो यांनी चेहेलम आणि ओलाली या दोन जातींचा संकर १९४५ मध्ये केला आणि १९५६ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आमच्या आजी तेव्हा ऐन विशीत होत्या. त्या जुलैत शेतकऱ्याने आणलेल्या मॅरियनमध्ये जिथे ऊन थेट लागलं होतं तिथले मणी पांढरे, कोरडे पडले होते. ताजं म्हणून ते फळ कोणी घेत नव्हतं. चव मात्र सावलीकडच्या बाजूला तशीच होती, आंबट, मातकट, वाइनसारखी खोल. मी आणि आजींनी मिळून दोन दुपारी ते निवडलं. फार भाजलेलं बाजूला काढलं, बाकी कॉबलरला घेतलं. फळात रस कमी म्हणून कॉर्नफ्लोअर किलोला २५ ग्रॅमवर आणलं आणि लिंबू गाळलं. आजींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि पुढच्या खेपेला पिठाचे डाव आणखी लांब लांब टाकायला सांगितलं.