वूफरला लागलेली धाप

दुपारी जेवण झालं की आडवं होण्याआधी एलपीची एक बाजू ऐकायची, निवृत्तीनंतर पाळलेला माझा हा एकच नियम. परवा स्पीकरची जाळी धूळ झटकायला काढली होती, म्हणून दिसलं. सुई टेकली, तंबोरा अजून सुरू व्हायचा होता, आणि वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खर्जाच्या मोठ्या कर्ण्याचा, काळा कागद आत-बाहेर, आत-बाहेर व्हायला लागला. आवाज काही नाही. पोटभर जेवून झोपलेल्या म्हाताऱ्याचं पोट हलावं, तसं.

रेकॉर्ड कुमार गंधर्वांची होती. कुमार आमच्या सुळेभावीचे, जन्म 1924 चा. (बेळगावच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय त्यांचं नाव पुढं नेता येत नाही.) क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं तरी हा माणूस पुढं निम्मं आयुष्य गायला, आणि त्यांची रेकॉर्ड वाजवताना माझ्या वूफरला धाप लागावी?

मग काय, झोप गेली. आधी फ्रिजचं बटण बंद केलं. हिनं विचारलं, "आता काय काढलंत?" वॉशिंग मशीन बंदच होतं, टाकीचा पंपही बंद. वूफर हलतोय तो हलतोयच. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनं आपल्या कानाला कळत नाहीत, पण सुईला कळतात. सुईचं कामच ते, हललं की सांगायचं. ते खांसाहेबांमुळं हललं की जात्यामुळं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यातून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबून कापतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील, आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा उचलतो. 1954 पासून हा हिशेब ठरलेला आहे. अगदी तळाला हे उचलणं 20 डेसिबलच्या आसपास जातं, म्हणजे दहापट. तबल्यातल्या बायाँची घुमारी दहापट, तशी जिन्यावरची चप्पलही दहापट.

प्लेअर आमच्या माडीवर असतो. खाली लाकडी फळ्या. एक जुनी परीक्षा आहे, ती केली. तबकडी न फिरवता सुई टेकवायची, आवाज वाढवायचा आणि प्लेअरखालच्या फळीवर बोटानं टकटक करायची. टक केलं की स्पीकरमधून धुप्प. ही कपडे वाळत घालायला माडीवर आली तर चार पावलांचे चार धुप्प. म्हटलं, सापडलं! जमिनीतून येतंय. आणि आमच्या गल्लीत जमिनीतून काय येणार? माग.

बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज कानानं ऐकल्याचं आठवत नाही. तो अंगाला कळायचा. उन्हाळ्यात आम्ही पोरं सोप्यात गार फरशीवर पालथी झोपायचो, तेव्हा गालाखालची फरशी थरथरायची. फडताळातल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची, आणि ती मधूनच एकमेकांत मिसळून पाणी गप्प व्हायचं. मी ते बघत बसायचो. शेजारच्या भिंतीपलीकडं आठ यंत्रमाग. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतोय, आठही आपापल्या तालात, आणि कधीतरी दोन-तीन माग चुकून एका ठेक्यात आले की दाराची कडी वाजायची. पाहुणे दचकून बघायचे. आम्ही नाही.

त्या घरात गाण्याच्या दोन पेट्या होत्या. बाबांचा विजेवरचा प्लेअर आणि आजोबांचा चावीचा ग्रामोफोन. बाबांनी प्लेअरखाली चार पदरी वाकळ घालून बघितली, घोंगडं घालून बघितलं, शेवटी तर पाळण्याच्या कड्यांना फळी टांगून तिच्यावर ठेवला. माग सुरू असताना सुई सरकायची ती सरकायचीच. आणि माग बंद पडायचे कधी? करंट गेला की. सगळी गल्ली एका झटक्यात गप्प. इतकी, की लांबच्या कुणाच्यातरी घरातलं मूल रडतंय ते ऐकू यायचं. पण करंट गेल्यावर बाबांचा प्लेअर कशावर फिरणार? ते तसेच हातात रेकॉर्ड धरून उभे. आणि आतल्या खोलीतून आजोबांचा खाकरा, मग चावीची करकर. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांची बाजू, प्रत्येक बाजूला नवी सुई. बाप-लेकात त्याबद्दल कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही. आजोबा फक्त दार थोडं जास्त उघडं ठेवायचे.

असो. सांगत होतो वूफरचं.

तर परीक्षेत एक गोष्ट झाली होती, ती तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. तबकडी थांबलेली असताना टक केल्यावर धुप्प होत होतं खरं, पण वूफरचा श्वासही थांबला होता. पण डोक्यात माग बसला की बसला. मी बाजारातून कडप्प्याचा दोन फुटी तुकडा आणला, सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या गुंडाळ्या त्याच्याखाली दिल्या, वर प्लेअर. स्पीकर त्याच फळीवर होते ते उतरवून लांब स्टुलांवर ठेवले. आवाज वाढवला की जी घूं ऐकू यायची ती त्यानं गेली, हे कबूल करतो. स्पीकरचाच दणका सुईपर्यंत जाऊन फिरून स्पीकरमध्ये येत होता, सासू-सुनेच्या निरोपासारखा, दर फेरीला वाढत. पावलांचे धुप्पही निम्म्यावर आले. श्वास मात्र तसाच.

शेवटी संध्याकाळी शेजारच्या अण्णांकडं गेलो. भांडायला नव्हे, तरी थोडं भांडायलाच. दुपारचे दोन तास दोन माग बंद ठेवता आले तर बघा, असं काहीतरी बोलायचं मनात जुळवून ठेवलं होतं.

अण्णा पायरीवर बसले होते. "या की ओ सर. बसा."

मी सांगितलं. सुई, जमीन, कंपनं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माग बंद हाईत की ओ," ते म्हणाले. "दोन महिने झाले. दोन तर विकले बी."

आत गेलो. उरलेल्या सहांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. तेलाचा वास तोच. जिथले दोन गेले, तिथं फरशीवर पायांचे आठ चौकोनी पांढरे डाग. दोन महिने भिंतीला भिंत लावून राहतोय मी, कान तयार असल्याचा समज बाळगून.

काय बोलावं कळेना. अण्णाच कोपऱ्यात वाकले आणि मागाच्या पायाखालचे चार जाड रबर फडक्यानं पुसून माझ्या हातात दिले. "तुमच्या मशीनखाली घाला. दणका खातंय बघा हे. मला आता कशाला?"

घरी येऊन ते घातले. सायकलची ट्यूब काढली. रेकॉर्ड लावली आणि यावेळी डोकं शांत असल्यामुळं असेल, घड्याळ घेऊन बसलो. दहा श्वास, अठरा सेकंद. पुन्हा मोजले, पुन्हा अठरा. एकाला 1.8. मिनिटाला 33⅓ फेरे म्हणजे एका फेरीला बरोबर तेवढेच. खाली बसून डोळा तबकडीच्या पातळीला आणला. फिरताना एका जागी कड भाकरीसारखी फुगून वर येत होती, सुईचा हात तिच्यावर चढत होता, उतरत होता. गेले दोन उन्हाळे मीच ती रेकॉर्ड पत्र्याखाली तिरकी टेकवून ठेवली होती.

दोन काचांमध्ये दाबून ठेवली तर बसते म्हणतात. बघू.

परवा बाजारातून येताना अण्णांनी पायरीवरून हाक मारली. "फरक पडला काय ओ सर?"

"पडला की," मी म्हटलं.