सेकंड शूटर म्हणून माझं पहिलं लग्न

आदल्या रात्री दादांचा फोन आला. दादा म्हणजे मुख्य फोटोग्राफर; त्यांच्यासोबत दुसरा कॅमेरा घेऊन फोटो काढते ती मी, सेकंड शूटर. या धंद्यात त्यांना सगळे दादाच म्हणतात. "मी जे काढतोय ते तू काढायचं नाहीस. बाकी काहीही काढ." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, चला, सोपं काम मिळालं.

सकाळी पहिला तासभर मी नेमकं तेच करत होते. नवरी खिडकीशी बसून तयार होत होती, दादा तिच्या चेहऱ्यावर होते आणि मी त्यांच्या खांद्यामागून, 85 मिमीची, लांबून चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून, त्याच चेहऱ्यावर. उजेडच इतका देखणा होता की हात आवरेना. दादांनी मान न वळवता विचारलं, "आरशात काय दिसतंय?" बघितलं तर आरशात नवरीची धाकटी बहीण होती. दाराशी उभी, पिनांची डबी उघडून त्यात काहीतरी शोधत असल्यासारखी. डबीत शोधण्यासारखं काही नव्हतं. तिला नुसतं डोळे पुसायला निमित्त हवं होतं. दोन फ्रेम घेतल्या आणि मला काम कळायला लागलं.

नवरा-नवरीकडे बघणारा एक कॅमेरा आधीच असतो. त्यामुळे दुसऱ्याने त्यांच्याकडे पाठ केली तरी चालतं, किंबहुना तेच अपेक्षित असतं. मुख्य विधी सुरू झाला तेव्हा दादा 35 ची वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेऊन अगदी जवळ होते आणि मी 70-200 ची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेऊन समोरच्या कोपऱ्यात. ते जवळ तर मी लांब, ते डावीकडे तर मी उजवीकडे. शिवाय त्यांच्या लेन्सचं तोंड कुठे वळलंय यावर एक डोळा सतत ठेवायचा, कारण ते वाइड लावतात तेव्हा तुम्ही नकळत त्यांच्या फ्रेममध्ये उभे असता. मी तीनदा सापडले. म्हणून कपडे गडद आणि साधे घालायचे. सापडलातच तर निदान डोळ्यांत भरत नाही.

आता हॉलमधल्या दिव्यांबद्दल. विधीत आवाज नको म्हणून मी सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं, 1/500 सेकंदावर. स्क्रीनवर फोटो छान दिसत होते. पंधरा मिनिटांनी सहज एक मोठा करून बघितला तर मागच्या भिंतीवर आडवे पट्टे, एक उजळ, एक काळपट. पोटात गोळाच आला. 50 हर्ट्झच्या विजेवर अनेक साध्या एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण सायलेंट शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. शटर 1/100 वर आणलं की प्रत्येक ओळीला उजेडाचा एक पूर्ण फेरा मिळतो आणि पट्टे जातात. मग ते केलं, आवाज करणारं मेकॅनिकल शटरही चालू केलं. तो आवाज कुणाच्या कानावरही गेला नाही. आधीचे साठेक फोटो मात्र गेले. एकच बरं होतं, त्या वेळात दादा जवळून काढत होते आणि त्यांचे फोटो स्वच्छ होते. दोन फोटोग्राफर का ठेवतात, याचं हे एक कारण कुणी सांगत नाही.

फ्लॅशच्या ट्रिगरचा, म्हणजे दुरून फ्लॅश उडवणाऱ्या रिमोटचा, चॅनल वेगळा ठेवा, नाहीतर तुमच्या बटणावर त्यांचे दिवे उडतात. हे मी सकाळीच शिकले आणि त्यावर बोलणी खाल्ली.

ग्रुप फोटोंच्या वेळी मी कॅमेरा जवळजवळ खालीच ठेवला. हातात यादी घेऊन पुढच्या घोळक्याला बोलावणं, कुणाची पर्स धरणं, "काका, तुम्ही जरा आत या" म्हणणं. हे काम कमीपणाचं वाटत असेल तर सेकंड शूटर होऊ नये. अर्ध्या तासाचं काम आम्ही वीस मिनिटांत उरकलं आणि दादा दिवसभरात तेव्हा एकदाच हसले.

रात्री निघायच्या आधी माझी कार्डं त्यांच्या लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशी दोन ठिकाणी उतरवली. दोन्हीकडचे फोटो उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोटोंवर हक्क त्यांचा आणि घरच्यांना त्यांची गॅलरी मिळेपर्यंत मी एकही फोटो कुठे टाकायचा नाही, हे आधीच लिहून ठरलं होतं. मी 1,840 फोटो दिले. आज वाटतं, निम्मे पुरले असते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "तुझ्या फोटोंत विधी आधी होतोय आणि लोक हॉलमध्ये नंतर येतायत."

सकाळी आम्ही दोघांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदासकट जुळवली होती. पण दुपारी माझी कॅमेरा बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) अडकायला लागली म्हणून मैत्रिणीकडून आणलेली दुसरी काढली, आणि तिचं घड्याळ बघायचं राहिलं. ते मागे होतं. एक तासाने चुकलं असतं तर लगेच दुरुस्त झालं असतं. थोडक्या मिनिटांचा फरक फार छळतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे सरकवता येते, पण नेमकी किती ते माहीत हवं. बदललेल्या बॉडीने एखाद्या मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवला असता तर प्रश्नच नव्हता. आता आम्हा दोघांकडे एकाच क्षणाचा फोटो हवा होता, आणि दिवसभर तर मी तेच टाळत होते.

दोन तास शोधल्यावर एक सापडला. नवऱ्याच्या आजीचा चष्मा हातातून निसटला, तो जमिनीवर पोचायच्या आतला क्षण. दादांच्या वाइड फ्रेममध्ये कोपऱ्यात इवलासा चष्मा हवेत, आणि माझ्या फ्रेममध्ये आजींचा चेहरा, उघडं तोंड, खाली झेपावलेला हात. दोन्हींच्या वेळा वजा केल्या: 4 मिनिटं 20 सेकंद. तेवढं पुढे सरकवलं आणि लोक हॉलमध्ये वेळेवर आले.

अल्बममध्ये माझे एकतीस फोटो गेले. पिनांच्या डबीचा पूर्ण पानभर आहे. चष्म्याचा मात्र दादांचाच घेतला, कारण माझ्या फ्रेममध्ये चष्मा काठावर अर्धा कापला गेला होता.