एक जादा मोटर

बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरीचं, काम करतो म्हणलं की लोकांना वाटतं झाडझूड करायची, दिवे लावायचे, ड्रोननं व्हिडिओ काढायचा. वालूरची बारव गावकऱ्यांनी मोकळी केली तेव्हापासून आमच्या परभणी जिल्ह्यात दर दुसऱ्या सरपंचाला तसलाच व्हिडिओ पायजे असतो. खरं काम म्हणजे गाळ, आणि गाळापेक्षा जास्त कागद.

ही बारव जिंतूर तालुक्यातली, गावाचं नाव राहू द्या. मधे टप्पे, बाजूला देवळ्या, आणि सगळं बांधकाम कोरडं, दगडावर दगड घडून बसवलेला, सांध्यात काहीच नाही. चुना फक्त वरच्या कठड्याला. तो आम्ही महिनाभर भिजवून, विटेचा चुरा, गूळ अन बेलफळाचं पाणी घालून मळला, गावातली चार पोरं मामांच्या हाताखाली शिकली (मामा म्हणजे आमचे गवंडी, सत्तरी ओलांडलेली), त्यातले दोघं यंदा ऊसतोडीला गेलेच नाहीत. पण प्रस्तावात 'पर्यटन विकास' म्हणून पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट बसतो, चुना मळणाऱ्याची हजेरी बसत नाही. असो.

शिवरात्र पाच दिवसांवर. खाली पंधरा फूट पाणी होतं आणि आमचा हिशोब दिवसाला फूटभर उपसायचा. मी बिलासाठी तालुक्याला जाऊन बसलेलो, सरपंचांचा फोन आला, पाहुणे येणारेत, खालच्या पायरीपर्यंत दिवे दिसले पायजेत, एक जादा मोटर लावतो. टेबलावरचा बाबू तेवढ्यात माझीच फाईल उघडत होता. मी म्हणलं, लावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. "साहेब, उत्तरंकडच्या भिंतीनं पोट काढलंय. लवकर या."

मी पोचलो तेव्हा पोरं चहाला वर आलेली होती, एवढंच नशीब. आवाज फार मोठा नाही झाला, पोत्यातून ज्वारी ओतावी तसा. चौदा दगड निखळले. नऊ टप्प्यावर अडकले, पाच खाली गेले.

झालं काय, की भिंतीमागची माती पाणी पिऊन बसलेली असते. पुढचं पाणी तिला पुढून रेटून धरतं. ते एकदम काढलं की मागचा रेटा एकटा उरतो. बाकी तीन भिंतींच्या सांध्यातून मागचं पाणी झिरपत होतं, दगड ओले दिसत होते. उत्तरेच्या भिंतीला मात्र काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी योजनेत कुणीतरी चकाचक सिमेंट भरलेलं. ती वरून कोरडी ठाक, म्हणून मला ती सगळ्यात भक्कम वाटलेली. इंजिनिअर मी!

मामा म्हणले, पाणी परत सोडा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मराठवाडा, आणि मी फेब्रुवारीत लोकांच्या दारात जाऊन म्हणणार की बारवेत ओतायला पाणी द्या? बाया तर तोंडाकडंच बघत राहिल्या. शेवटी शेजारचा शेतकरी तयार झाला, ज्याच्या गव्हात आमचं उपशाचं पाणी चाललं होतं. त्यानं शेततळ्याला मोटर जोडली आणि म्हणला, "दोन पाळ्या फुकट झाल्या माझ्या. त्यातली एक न्या माघारी." वाळूची पोती, बल्ल्या लावून आम्ही रात्रभर बसलो. काचपट्ट्या चिकटवल्या होत्या चिरांवर, चीर वाढली की काच तडकते, बॅटरी मारून दर तासाला बघायचो. पहाटेपर्यंत एकही तडकली नाही.

शिवरात्रीला दिवे वरच्या दोन टप्प्यांवरच लागले. पाहुणे आलेच नाहीत.

रिपोर्टात मी लिहिलं, 'पूर्वीच्या सिमेंट पॉइंटिंगमुळे पाण्याचा निचरा बंद होऊन भिंतीचा भाग निखळला.' यात खोटं एक अक्षर नाही. वाचून दाखवलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या, सरपंच तर खुशच. मामा तंबाखू मळत ऐकत होते.

"मोटरीचं कोणत्या पानावर हाय, साहेब?"

मी म्हणलं, पुढच्या.

रिपोर्ट एकाच पानाचा होता. नऊ दगड नंबर टाकून लिंबाखाली ठेवलेत, पाच अजून पाण्यात आहेत. ते काढायला परत उपसा करावा लागणार, आणि रोज किती ते या वेळी मामा ठरवणार, असं पोरांनी मला न विचारताच ठरवून टाकलंय.