क्लॅरिजची फाइल: अठरापैकी सोळा, आणि एक अडलेला कप्पा

मंडळी, उन्हाळ्यात शेवटची नोंद लिहिली तेव्हा फाइलचे अकरा कप्पे भरले होते. आता सोळा झालेत. मधल्या महिन्यांत काही लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. नुसती टपालाची वाट बघणं चाललं होतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. इंग्लिश फुटबॉलपटू स्टीव्ह क्लॅरिज ज्या ज्या क्लबकडून खेळला, त्या प्रत्येक क्लबचा एकेक मॅच प्रोग्राम, म्हणजे सामन्याच्या दिवशी मैदानावर विकली जाणारी छापील पुस्तिका, मी जमवतोय. राहतो साउदॅम्प्टनला. क्लॅरिज जन्माने पोर्टस्मथचा, 1966चा. या दोन गावांचं फुटबॉलमधलं वैर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कळेल की मी ही फाइल शेजाऱ्यांना का दाखवत नाही. इथे राहून जमवायचं तर साउदॅम्प्टनमधूनच सुरुवात केलेल्या ॲलन शिअररचं जमव, असं ऑफिसमध्ये सगळे सांगतात. पण शिअररचे क्लब तीन. दोन शनिवारांत फाइल संपेल, मग करायचं काय?

क्लॅरिजचे 1983 ते 2006 या काळातले मी अठरा धरलेत. नंतरही तो वर्दिंग, हॅरो बरो, गॉस्पोर्ट अशा छोट्या क्लबांतून खेळत राहिला, पण कुठेतरी रेघ मारायला हवी. नियम तीन. सामना त्याच्या क्लबच्या मैदानावरचा हवा. त्या सामन्यात तो प्रत्यक्ष मैदानात उतरलेला हवा, नुसता बाकावर बसलेला चालणार नाही. आणि टपालखर्च धरून पाच पौंडांच्या वर जायचं नाही. तिसरा नियम बायकोचा आहे.

सप्टेंबर

ऑल्डरशॉट आला! एकोणनव्वदचा, पातळसा, पिना गंजलेल्या. आता जो ऑल्डरशॉट टाउन आहे तो वेगळा क्लब. क्लॅरिज खेळला तो जुना ऑल्डरशॉट मार्च 1992मध्ये कर्जात बुडाला, सीझन अर्ध्यावर टाकून बंद पडला आणि त्या वर्षीचे त्यांचे सगळे निकाल तक्त्यातून पुसून टाकण्यात आले. म्हणून या क्लबचा कागद हातात घेताना जरा वेगळं वाटतं. मागच्या पानावरच्या संघयादीत कोणीतरी पेन्सिलीने खुणा केल्यात. जाणकार म्हणतील की लिहिलेल्या प्रोग्रामची किंमत पडते. पडू दे. कोणीतरी पावसात उभं राहून क्लॅरिजच्या नावापुढे बरोबरची खूण केली, याहून चांगला पुरावा दुसऱ्या नियमासाठी कुठला मिळणार?

गंजलेल्या पिनांबद्दल मागे दोघांनी विचारलं होतं. मी पिना काढतो. पानं उलटी ठेवून बोथट चाकूने पाय सरळ करायचे आणि हळूच उपसायचे. परत पिन मारायची नाही, सुटी पानं तशीच पिशवीत. आणि पिशव्या घेताना पीव्हीसीच्या नकोत, काही वर्षांत शाई त्यांना चिकटते.

ऑक्टोबर

केंब्रिज युनायटेडचे दोन घेतले, कारण तो तिथे दोनदा होता. ही फाइलमधली माझी सगळ्यात आवडती जागा. मॅनेजर जॉन बेक. सामन्याआधी खेळाडूंच्या अंगावर गार पाण्याच्या बादल्या, कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवलेलं, म्हणजे लांब मारलेला चेंडू बाहेर न जाता तिथेच अडकावा. चेंडू उचलून पुढे भिरकावणे हीच पद्धत, आणि तिच्या जोरावर 1990 आणि 1991 अशा लागोपाठ दोन बढत्या. 1992मध्ये तर सगळ्यात वरच्या डिव्हिजनचं दार एका प्लेऑफवर (बढतीच्या शेवटच्या जागेसाठीची छोटी बाद फेरी) येऊन ठेपलं होतं. बेक आणि क्लॅरिज यांचं मात्र फाटलं, तेही ड्रेसिंगरूममध्ये हातघाईवर येण्याइतकं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात क्लॅरिज ल्यूटनला गेला. ऑक्टोबरात बेकची नोकरी गेली, आणि नोव्हेंबरात क्लॅरिज केंब्रिजला परत!

म्हणून ल्यूटनचा कप्पा अवघड. जेमतेम काही महिन्यांची खिडकी, त्यातले घरचे सामने आणखी कमी. मला मिळाला तो नशिबाने: एका चर्चच्या हॉलमधल्या विक्रीत 'कोणताही पन्नास पेन्स' असं लिहिलेल्या खोक्यात.

नोव्हेंबर

या महिन्यात फसलो. ब्रॅडफर्डचा एक घेतला, पैसे दिले, घरी येऊन तपासलं तर साहेब त्या दिवशी खेळलेच नव्हते. विकणाऱ्याची चूक नाही, मीच घाईत तारीख नीट पाहिली नाही. दुसरा मिळायला तीन आठवडे गेले.

पण ब्रॅडफर्ड शोधता शोधता शेवटच्या दोन सीझनचा तक्ता मांडून बसलो, आणि त्यात जे दिसलं ते इथे लिहायलाच हवं. 2004-05 या एका सीझनमध्ये तो ब्रायटनला होता, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. तिथून ब्रेंटफर्ड, तिसरी पायरी. तिथून विकम, चौथी. एका वर्षात एकेक पायरी खाली. कोणाला वाटेल, संपलं. पुढच्या वर्षी जिलिंगम, ब्रॅडफर्ड आणि वॉल्सॉल असे तीन क्लब, तिन्ही लीग वनमधले, म्हणजे पुन्हा तिसऱ्या पायरीवरचे, आणि एकाच डिव्हिजनमध्ये एका सीझनला तीन वेगळे शर्ट. वय तेव्हा एकोणचाळीस, आणि सीझन संपायच्या आत चाळीस पूर्ण. मोजे मात्र त्याचे कायमचे तसेच, घोट्यापाशी गोळा झालेले.

या दोन सीझनच्या मध्ये, 2005च्या उन्हाळ्यात, तो मिलवॉलचा मॅनेजरही झाला होता. छत्तीस दिवस. क्लबची मालकी-अध्यक्षपदाची उलथापालथ झाली आणि एकही अधिकृत सामना न खेळवता त्याला काढलं. म्हणजे ज्या नोकरीचा प्रोग्रामच निघाला नाही अशी नोकरी. मिलवॉलच्या कप्प्यात माझ्याकडे 2001चा आहे, त्यांनी डिव्हिजन टू (तेव्हाची तिसरी पायरी) जिंकली त्या वसंतातला. त्याला तिथे नेणारा मार्क मॅकगी. वुल्व्ह्जलाही त्यानेच नेलं होतं, आणि पुढे ब्रायटनलाही. वुल्व्ह्जला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने आणि गोल शून्य, तरी मॅकगीने त्याला आणखी दोनदा घेतलं. गोल सोडून आणखी काहीतरी दिसत असणार त्याला.

डिसेंबर

भिंतीवर इंग्लंडचा नकाशा लावला आणि अठरा टाचण्या टोचल्या. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की क्लॅरिज म्हणजे फिरस्ता, आज या गावी, उद्या त्या. टाचण्या वेगळंच सांगतात.

माझ्या घरापासून शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर अठरापैकी सात त्यात येतात: फेअरम, पोर्टस्मथ, बोर्नमथ, वेमथ, ऑल्डरशॉट, ब्रायटन, विकम. बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, वुल्व्ह्ज आणि लेस्टर हा दुसरा पुंजका. क्रिस्टल पॅलेस, मिलवॉल, ब्रेंटफर्ड लंडनमधले. मग केंब्रिज, ल्यूटन, जिलिंगम. खऱ्या अर्थाने उत्तरेला एकटी ब्रॅडफर्डची टाचणी. आणि परतीच्या खेपा बघा: केंब्रिज दोनदा, वेमथ दोनदा, बोर्नमथ दोनदा. पोर्टस्मथला पोरवयात नाकारला गेला तो बत्तिसाव्या वर्षी परतला, आणि 2000मध्ये काही महिने खेळाडू-मॅनेजरही झाला. पुढे सॉल्झबरीचा नवा क्लब उभा करायला गेला तोही याच वर्तुळात. हा माणूस फिरला पंचक्रोशीतच, फक्त सारखा फिरला.

वेमथला 2003मध्ये तो खेळाडू-मॅनेजर म्हणून गेला तेव्हा क्लबचा अध्यक्ष होता इयन रिडली, म्हणजे त्याच्या आत्मचरित्राला हात देणारा क्रीडापत्रकार. ते वर्ष सदर्न लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर संपलं. दोन्ही खेपांचे प्रोग्राम शेजारी ठेवलेत, मध्ये पंधरा वर्षं.

जानेवारी

बोर्नमथ. हा मी बरेच महिने टाळत होतो. 1984-85चा कुठलाही चालला असता, लीगमधलं त्याचं पहिलं पाऊल तिथलंच. पण मला हवा होता 9 डिसेंबर 2006चा. वॉल्सॉल सोडल्यावर त्याचे एकूण सामने 999वर अडकले होते. (फक्त लीगचे मोजाल तर हजार होत नाहीत. कप, नॉन-लीग (म्हणजे वरच्या चार डिव्हिजनांच्या खालचे), सगळं धरून ही बेरीज.) बोर्नमथने त्याला एका सामन्यासाठी घेतलं, पोर्ट व्हेलविरुद्ध. जिथे सुरुवात झाली त्याच मैदानावर हजारावा सामना, आणि निकाल? 0-4. घरच्या मैदानावर. मला तो निकाल मनापासून आवडतो.

मिळाला, चार पौंड ऐंशी पेन्सला. या दिवसाचा शोधणाऱ्यांना एक सूचना: प्रोग्राम आधी छापून झालेले असतात, ऐन वेळी घेतलेल्या खेळाडूचं नाव आत शोधत बसू नका. तारीख बघा आणि घ्या.

अडलेला कप्पा

क्रिस्टल पॅलेस. 1988मध्ये वेमथहून त्यांनी त्याला घेतलं आणि पहिल्या संघाकडून एकदाही न खेळवता त्याच वर्षी ऑल्डरशॉटला देऊन टाकलं. माझ्या दुसऱ्या नियमाने हा कप्पा कधीच भरणार नाही. क्लब अठरा, पण भरण्याजोगे सतरा.

ख्रिसमसच्या सुट्टीत यावर तोडगा सुचला. 27 मे 1996, वेम्बली, प्लेऑफची फायनल. लेस्टरने दोनच महिन्यांपूर्वी बर्मिंगहॅमकडून क्लॅरिजला बारा लाख पौंडांना आणलेलं. 1-1, जादा वेळही संपत आलेली. लेस्टरचा मॅनेजर मार्टिन ओनीलने पेनल्टीच्या तयारीने राखीव गोलकीपर, उंच्यापुऱ्या कालाचला गोलमध्ये उतरवलं, आणि त्यानंतर काही सेकंदांत क्लॅरिजच्या नडगीला लागून चेंडू वरच्या कोपऱ्यात. समोरचा गोलकीपर नायजेल मार्टिन जागचा हललाही नाही. लेस्टर प्रीमियर लीगमध्ये, आणि पुढच्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लीग कपच्या फायनलच्या रिप्लेमध्ये मिडल्सब्रोविरुद्ध एकमेव गोलही यानेच मारला.

तर, शहाण्णवच्या त्या फायनलमधला समोरचा संघ? क्रिस्टल पॅलेस.

हा प्रोग्राम ढिगाने मिळतो, सत्तर हजारांवर लोक होते त्या दिवशी. दोन पौंडांत आला. सामना घरचा नाही आणि तो पॅलेसकडून खेळला नाही, म्हणजे माझे दोन नियम एकदम मोडतात. तरी तो पॅलेसच्या कप्प्यात घातलाय. लेस्टरच्या कप्प्यासाठी त्यांच्या तेव्हाच्या मैदानाचा, फिल्बर्ट स्ट्रीटचा, एक साधा लीग सामना आधीच होता. ज्यांना ही चोरी वाटते त्यांनी खुशाल सतरापैकी पंधरा धरावेत.

उरलेले दोन

जिलिंगमचा कठीण नाही, फक्त त्याच्या सामन्यांच्या तारखा तपासून मगच घेणार. ब्रॅडफर्डने शिकवलंय.

दुसरा फेअरम टाउन. 1983-84, क्लॅरिज सतरा वर्षांचा. नॉन-लीगचा क्लब, प्रोग्राम कमी छापलेले, त्यातले बहुतेक कधीच रद्दीत गेलेले. अठरा टाचण्यांत माझ्या घराला सगळ्यात जवळची टाचणी ही, गाडीने अर्धा तास. दोनदा जाऊन आलो, रिकाम्या हाताने. कोणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. पाच पौंडांची अट या एकापुरती शिथिल झाली आहे, बायकोची लेखी परवानगी घेतली आहे.