रंकाळ्याला अमोएनस म्हणायचं का?

लॅटिनमधलं अमोएनस हे विशेषण मला लय आवडतंय, अर्थ रम्य, प्रसन्न, पण ते जास्त करून जागेलाच लावतात, म्हणजे बाग, नदीकाठ असलं काहीतरी, तांबडा रस्सा कितीबी भारी असूदे, तिथं नाही शोभायचं, चवीला-वासाला सुआविस हाय की. कवितेतला लोकस अमोएनस म्हणजे झाडाची सावली, हिरवळ आणि बहुतेक वेळा झरा नाहीतर ओढा. आता आपला कोल्हापूरचा रंकाळा तलाव घ्या, पाणी हाय, संध्यामठ हाय, पण भेळेच्या गाड्यांवरची गर्दी बघून रोमन कवी पळालाच असता (मला मात्र तीच गर्दी आवडते). पंचगंगा घाटावर सकाळी लवकर जावा, तिथं बिनधास्त लावा. फक्त नदीला लॅटिनमध्ये फ्लूमेन म्हणतात, ते नपुंसकलिंगी, त्यामुळं अमोएनस नाही, अमोएनम.